आणखी एक हवीच

घरात एक चांगली, चालू स्थितीतली बेस गिटार असताना जो दुसरी विकत घेतो, त्याला बाहेरचे लोक वेडा म्हणतात. तो तिसरीचा इसार देऊन येतो तेव्हा घरचेही म्हणू लागतात. हे वेड आहे, ते मी मान्यच करतो. पण माझ्या मते ते फार उपयोगाचं आणि मानाचं वेड आहे, आणि ज्यांना ते लागलं त्यांचे जाहीर आभार मानायला हवेत. हे वाद्य नुसत्या शहाण्या माणसांच्या हाती राहिलं असतं, तर एव्हाना ते काचेच्या कपाटात गेलं असतं, नाहीतर माळ्यावर.

आधी खर्चाचं बघू. माणूस मोटार घेतो ती शेजाऱ्याला दिसते. लीड गिटारवाला नवं पेडल घेतो, त्याचा सोलो पहिल्या रांगेला कळतो आणि टाळी पडते. बेसवाला पदरमोड करून आणलेली गिटार गळ्यात अडकवून गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात उभा राहतो, तेव्हा तो नेमकं काय वाजवतोय हे समोरच्या बहुतेकांना सांगता येणार नाही. बेसच्या सगळ्यांत जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून तो बाहेर पडतच नाही. वरच्या स्वरांशांवरून कान त्याचा अंदाज बांधतो. म्हणजे ज्या सुरापायी हा माणूस बोनस मोडतो, तो सूर त्याचं रेकॉर्डिंग मोबाइलवर ऐकणाऱ्यांच्या कानापर्यंत पोचतच नाही. बेस थांबली की मात्र सगळ्यांना कळतं. गाणं एकदम उघडं पडतं, ड्रम एकटे पडतात, गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन जाते, आणि काय गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. चारचौघांत दिसावं म्हणून केलेला खर्च आपण रोज पाहतो. दिसणार नाही, धड ऐकूही येणार नाही, हे पक्कं ठाऊक असताना माणूस खिशात हात घालतो, तेव्हा त्या हाताचा मान ठेवावा.

या वेडाचा पाया भक्कम आहे आणि तो खुद्द वाद्याच्या जनकाने घातला आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्या काळी बेस म्हणजे माणसाहून उंच डबल बेस. ती गाडीत मावायची नाही, आणि बँडमधली ट्रम्पेटं सुरू झाली की तिचा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही. १९५१ साली फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणली. गळ्यात पट्ट्याने अडकवायची, ३४ इंच लांबीच्या चार तारा, मानेवर २० फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या. फ्रेट असल्याने बोट जरा मागेपुढे पडलं तरी सूर जागेवरच लागायचा. सिॲटलच्या पॉल टटमार्कने तिसाच्या दशकातच अशी विजेवर चालणारी आडवी बेस करून पाहिली होती. ती चालली नाही. फेंडरची चालली, आणि इतकी चालली की आज दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या बहुतेक बेस गिटारींच्या तारांची लांबी तीच ३४ इंच आहे.

इथे शहाणा माणूस म्हणतो, झालं तर मग. पहिल्याच फटक्यात जमलं होतं, तर पुढच्या सगळ्या कशाला? हा प्रश्न फेंडरच्या बाबतीत विचारून बघा. १९५७ साली त्याने प्रिसिजनचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारा भाग, बदलून दोन तुकड्यांचा केला. १९६० साली जॅझ बेस काढली, मान निमुळती आणि पिकअप दोन. १९६५ साली त्याने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. तेवढे पैसे हातात आल्यावर माणसाने आराम करावा, असं व्यवहार सांगतो. फेंडर पुन्हा बेस करायला बसला. १९७६ साली म्युझिक मॅन कंपनीची स्टिंगरे आली, त्यात त्याचा हात होता. तिच्या पोटात बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प होता आणि आवाज असा खणखणीत, की नाचाच्या गाण्यांना वेगळाच तजेला आला. त्यानंतर जी अँड एल ही आणखी एक कंपनी. १९९१ साली तो गेला, तोपर्यंत त्याचं काम सुरूच होतं. ज्याने पहिली घडवली त्यालाच ती पुरी पडली नाही, मग ती आपल्याला जन्मभर पुरावी हा हट्ट कशासाठी?

सगळ्या सारख्याच तर वाजतात, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. त्यांच्या हातात आधी प्रिसिजन देतो आणि मग जॅझ. जॅझची मान नटापाशी साधारण ३८ मिलिमीटर रुंद, प्रिसिजनची त्याहून काही मिलिमीटरने जास्त. एवढ्याशा फरकाने अंगठा मागे वेगळ्या जागी टेकतो, करंगळी वेगळ्या तऱ्हेने उघडते, आणि जो तुकडा एका मानेवर अडखळत होता तो दुसरीवर आपोआप सुटतो. प्रिसिजनला दोन नॉब असतात, जॅझला तीन, आणि जॅझचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की आवाजाच्या मधोमध एक पोकळी तयार होते. त्या पोकळीत कीबोर्डला जागा मिळते. प्रिसिजन तीच जागा स्वतः भरून टाकते. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही. एक विकून दुसरी आणली आणि कीबोर्डवाल्याशी होणारी रोजची धुसफूस थांबली, तेव्हा ती समजली.

तारांचंही तसंच. गोल गुंडाळीच्या तारा नव्या असताना पियानोसारख्या झणझणतात आणि बोटं खरवडून काढतात. चपट्या गुंडाळीच्या तारा पहिल्या दिवसापासून मऊ आणि बसक्या. रोटोसाउंडच्या गोल तारा साठच्या दशकात पुढे आल्या, त्यामागे द हू या बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल होता. एकच तार सगळ्या कामांना पुरेल, हे त्याला पटलं नव्हतं. याच माणसाने १९६७ च्या सुमारास पाच प्रिसिजनांचे सुटे भाग जोडून एक बेस उभी केली आणि तिला फ्रँकन्स्टाइन हे नाव दिलं. २००२ साली तो वारला आणि पुढच्या वर्षी लंडनला सदबीजमध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. पाचांतून एक काढणारा, आणि तरीही घर भरून वाद्यं मागे ठेवणारा हा माणूस. तारांच्या आवाजाचा इतका विचार करणाऱ्या माणसाचं घर रिकामं कसं राहील?

एकाच वाद्यावर आयुष्य काढावं म्हणणारे नेहमी जेम्स जेमर्सनचं नाव घेतात. ते नाव घ्यायलाच हवं, कारण त्याच्याएवढा मोठा बेसवादक झाला नाही, असं माझं मत आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या किती गाण्यांचा तो कणा होता, त्याची नीट मोजदादही नाही. त्याची १९६२ ची प्रिसिजन, तारा चपट्या आणि मानेपासून उंच, त्या तो बदलत नसे, आणि वाजवायचा उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने. हे सगळं खरं. पण तो त्याच शहरात, त्याच स्टुडिओच्या त्याच खोलीत, त्याच मंडळींबरोबर वर्षानुवर्षं वाजवत होता. वाद्य, खोली आणि सोबत एकदा जुळल्यावर त्याला शोधायचं काही उरलं नव्हतं. शिवाय त्याच्या आधीच्या बेसही चोरीला गेल्या होत्या. १९६२ ची हाती आली ती त्यानंतर. आपल्याला तशी नोकरी नाही, तशी खोली नाही. आज लग्नाच्या हॉलमध्ये, उद्या कॉलेजच्या गॅदरिंगला, परवा कुणाच्या तरी बेडरूममध्ये हेडफोन लावून वाजवायचं. जुळणारं वाद्य कुठलं, हे घेऊन, वाजवून, विकूनच कळणार.

कॅनडातल्या रश बँडच्या गेडी लीने १९७२ ची जॅझ बेस अमेरिकेतल्या कॅलमाझू गावी, तारण ठेवलेल्या वस्तूंच्या दुकानातून सुमारे दोनशे डॉलरला उचलली आणि पुढे कित्येक वर्षं तीच त्याची मुख्य बेस झाली. म्हणजे हवी ती बेस सापडली होती. तरीही उतारवयात त्याने जुन्या बेस जमवायला घेतल्या, अडीचशेहून जास्त वाद्यांची माहिती आणि छायाचित्रं असलेला जाडजूड ग्रंथ २०१८ साली काढला, आणि कुठल्या साली कुठला स्क्रू बदलला हे आज आपल्याला घरबसल्या वाचायला मिळतं. हे काम एखाद्या विद्यापीठाने केलं असतं तर त्याला संशोधन म्हटलं असतं आणि अनुदान दिलं असतं.

आपल्याकडे हे वाद्य आलं ते मुख्यतः मुंबईत, हॉटेलांतल्या बँडमधून आणि सिनेमाच्या वाद्यवृंदातून, आणि आणणाऱ्या हातांत गोव्याचे हात फार होते. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ, पुढच्या काळात ए. आर. रहमान यांच्याबरोबर चेन्नईचे कीथ पीटर्स, आणि आज जगभर वाजवणारी मुंबईची मोहिनी डे, ही नावं बेस वाजवणाऱ्याला पाठ असतात. गाण्यावर नाचणाऱ्याला बहुधा नसतात. धोबी तलावला १८६५ पासून चालत आलेलं फुर्टाडोजचं दुकान आहे. तिथे जाऊन भिंतीकडे पाहत उभं राहणं हा अनेकांच्या तरुणपणाचा भाग आहे. नव्वदच्या आधी चांगली बेस मिळायची ती परदेशातून परतणाऱ्याच्या सामानातून, नाहीतर जो वाजवायचं सोडतोय त्याच्याकडून. तेव्हा विकणारा नसता तर शिकणारा घडला नसता. आज इंडोनेशियात बनलेल्या स्क्वायर आणि आयबानेझ दुकानात मिळतात आणि पंधरा-वीस हजारांत सुरुवात होते. पण त्यापुढच्या पायऱ्या अजूनही बरेच जण वापरलेल्या वाद्यावरूनच चढतात.

वापरलेली बेस पाहायला जाणं हे या वेडातलं सगळ्यांत सुंदर काम. बैलबाजारात जाणकार शेतकरी आधी बैलाचे दात बघतो, मग चालवून बघतो, मग भावाला हात घालतो. इथेही क्रम तोच. बेस उलटी धरून बुडाकडून मानेवर एक डोळा मिटून नजर टाकायची. मान किंचित खोलगट हवी. मध्येच उंचवटा दिसला की सावध व्हायचं. मग चारही तारांवर प्रत्येक फ्रेटला एकेक सूर, घाई न करता. कुठे तार खरखरते, कुठे सूर मध्येच मरतो, ते ऐकायचं. बऱ्याच फेंडरांवर सगळ्यांत बारीक तारेच्या पाचव्या-सहाव्या फ्रेटच्या आसपास एक सूर लवकर विझतो. तो दोष नसून लाकडाचा स्वभाव आहे, त्यावरून भाव पाडू नये. जॅकमध्ये वायर हलवून पाहायची, नॉब फिरवताना खर्रकन आवाज येतो का ते पाहायचं. वाद्य जुनं आणि महागडं असेल तर मालकाच्या परवानगीने चार स्क्रू काढून मान सोडवायची. साठच्या दशकातल्या फेंडरच्या मानेच्या बुंध्यावर महिना आणि साल शिक्क्याने उमटवलेलं सापडतं.

त्याहून मौज पॉटमध्ये आहे. नॉबच्या खालच्या पोटेन्शिओमीटरच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. समजा १३७६६३२ दिसलं, तर १३७ हा सीटीएस या कारखान्याचा आकडा, ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३२ म्हणजे त्या सालातला बत्तिसावा आठवडा. नवखा माणूस लगेच म्हणणार, बेस १९६६ ची. जाणकार थांबतो. फेंडर कंपनीने १९६६ साली पॉटचा प्रचंड साठा घेऊन ठेवला होता आणि तो पुढची काही वर्षं वापरला, त्यामुळे १९६९ च्या वाद्यातही १९६६ चा पॉट निघतो. एवढ्यासाठी एक माणूस रविवारी सकाळी तीन तास प्रवास करून अनोळखी घरी जातो, स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलावर वाकतो आणि आनंदाने मान हलवतो. त्या क्षणी त्याच्याइतकं एकचित्त माणूस त्या शहरात दुसरं नसेल.

शिसवीबद्दल थोडं सांगायलाच हवं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात गिटारच्या मानेवर लावलं जाणारं ब्राझीलचं रोझवुड दुर्मीळ होत गेलं, १९९२ साली त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंदच झाला. त्याची जागा घेतली भारतातल्या शिसवीने, सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलांत वाढणाऱ्या. म्हणजे कॅलिफोर्नियात तयार झालेल्या कित्येक बेसच्या मानेवर बोटाखाली जे काळपट लाकूड असतं, ते इथूनच गेलेलं. २०१७ साली शिसवीच्या सगळ्याच जातींवर कागदपत्रांची अट आली, तेव्हा काही कंपन्यांनी दुसरं लाकूड लावलं. २०१९ साली तयार वाद्यांना सूट मिळाली. आजोबांच्या शिसवी पलंगाचा अभिमान बाळगणाऱ्या घरात, त्याच झाडाची फळी सातासमुद्रापार जाऊन, फ्रेट ठोकून घेऊन, सीमाशुल्क भरून परत आली तर तिच्या स्वागताला कुरकूर कशाला? आणि ती इथे आली की इथल्या पावसाशी तिची पुन्हा ओळख होते. चार तारांचा मिळून सुमारे ऐंशी किलोंचा ताण ती मान अहोरात्र सोसत असते. जूनमध्ये हवा ओली झाली की लाकूड फुगतं, तारांची उंची बदलते आणि मानेच्या पोटातला ट्रस रॉड ॲलन कीने पाव फेरा फिरवावा लागतो. पाव फेराच, मग थोडं थांबायचं. ज्याच्याकडे चार बेस आहेत त्याला दर पावसाळ्यात हे चार वेळा करायला मिळतं आणि म्हणून त्याचा हात तयार होतो. एकच बेस असलेला माणूस वर्षानुवर्षं घाबरत राहतो.

घरच्यांचं म्हणाल, तर त्यांना खरी किंमत सांगावी. या छंदातले काही जण किंमत निम्मी करून सांगतात, ते मला पटत नाही. ज्या गोष्टीचा अभिमान आहे तिची किंमत लपवायची नसते.

आता विक्री. घेण्यापेक्षा विकण्याला मोठं मन लागतं, आणि या वेडाची खरी थोरवी तिथे दिसते. विकताना पैसे जातातच. चाळीसला घेतलेली बेस दोन वर्षांनी तिसाला जाते. व्यवहारी माणूस त्याला तोटा म्हणतो. मी त्या दहा हजारांना फी म्हणतो: दोन वर्षं एक वाद्य घरी ठेवून शिकण्याची, आणि ते दुसऱ्याला परवडेल अशा भावात पोचवण्याची. नव्या मुलांना चांगलं वाद्य स्वस्तात मिळतं ते अशा माणसांच्या तोट्यातून. दुकानदार स्वस्त करत नाही, सरकार स्वस्त करत नाही. ज्याला आणखी एक हवी आहे आणि ठेवायला जागा नाही, तोच स्वस्त करतो.

माझी एक इंडोनेशियन जॅझ बेस घ्यायला साताऱ्याहून एक मुलगा आला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा. बरोबर वडील. आल्या आल्या मुलाने विचारलं, “काका, शेवटचं किती?”

“अरे, आधी वाजवून तर बघ. भावाचं नंतर बोलू.”

तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि ॲम्पला न जोडताच वाजवू लागला. वडील लक्ष देऊन ऐकत होते. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, “साहेब, हिचा आवाज असा बारीकच येतो का? नाही, पैसे पोराने शिकवण्या घेऊन साठवलेत, म्हणून विचारतो.”

मी वायर जोडली आणि ॲम्प सुरू केला. मुलाने जाड तार छेडली. कपाटातले कप किणकिणले, फरशीतून थरथर आली. वडिलांनी तळवा सोफ्याच्या हातावर टेकवला आणि म्हणाले, “अहो, हे तर सगळ्या गाण्यांत असतंच की. आम्हाला वाटायचं, ढोलाचाच आवाज.”

त्यानंतर भावाची घासाघीस फार झाली नाही. एसटीचं दोघांचं भाडं मी कमी केलं. ॲलन की, पट्टा, तारांचा एक न उघडलेला संच आणि बेसचा सीरियल नंबर लिहिलेला कागद बॅगेत घातला, ट्रस रॉड कसा फिरवायचा ते त्याच्याच हातून करून घेतलं. मुलगा आजही मानेचा फोटो पाठवून विचारतो, “काका, एवढी वाक चालेल का?” त्या विक्रीत किती सुटले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या एका माणसाला आयुष्यभर ऐकलेला आवाज पहिल्यांदा वेगळा ऐकू आला, हे मला पुरतं.

ज्यांच्याशी माझं जमत नाही ते वेगळे. जुनी बेस म्हणजे गुंतवणूक, असं म्हणणारी शहाणी मंडळी आता वाढली आहेत. सीबीएसने कंपनी घेण्याआधीची, म्हणजे १९६५ च्या आधीची फेंडर मिळाली की ते ती केसमध्ये घालून कुलूप लावतात आणि भाव चढायची वाट पाहतात. तारा चढवत नाहीत, कारण ताण पडेल. वाजवत नाहीत, कारण फ्रेट झिजतील. फेंडरने ती वस्तू आठवड्याला सहा रात्री क्लबात वाजवणाऱ्या, घामट, पोटासाठी वणवण करणाऱ्या माणसासाठी केली होती. तिच्यावर ओरखडे पडावेत, मनगट टेकून टेकून रंग उडावा, हीच तिची वाट आहे. वीस हजारांची बेस वाजवणारा, विकणारा, पुन्हा दुसरी आणणारा माणूस मला या गुंतवणूकदारापेक्षा हजारपटीने संगीताच्या जवळचा वाटतो. वेड त्याला लागलंय खरं, पण वाद्याचा उपयोग त्यालाच कळलाय.

आणि वाद्य हरवलं तर ते परत आणण्यासाठी धडपडतात तेही वेडेच. जॅको पास्टोरियसने आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट उपटून काढले, खाचा भरल्या, मानेवर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं आणि त्या फ्रेटविरहित मानेवर बेसची भाषाच बदलली. ती बेस १९८६ साली न्यूयॉर्कला चोरीला गेली. पुढच्या वर्षी तो स्वतः गेला. सुमारे वीस वर्षांनी ती वर आली, मालकीवरून वाद झाला. तेव्हा मेटॅलिकाचा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो पुढे आला, स्वतःचे पैसे घालून त्याने ती सोडवली आणि पास्टोरियसच्या कुटुंबाला हवी तेव्हा त्याच किमतीत परत घेता येईल, असं कबूल केलं. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गला सुमारे तीस पौंडांना घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस १९७२ साली लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली. पन्नास वर्षं उलटली. मग काही हौशी आणि जाणकार मंडळींनी तिच्या शोधाची मोहीमच उघडली, तिची प्रत्येक खूण प्रसिद्ध केली, लोकांना आपापली घरं धुंडाळायला सांगितलं. २०२४ च्या फेब्रुवारीत ती सापडल्याचं जाहीर झालं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडच्या एका घराच्या पोटमाळ्यावर ती पडून होती. जेमर्सनची १९६२ ची प्रिसिजन मात्र १९८३ साली, तो वारण्याच्या काही दिवस आधी चोरीला गेली आणि अजून मिळालेली नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. आपल्या पोटमाळ्यावर, पलंगाखाली, गावच्या घरात कपाटामागे, कॉलेजात असताना घेतलेली किंवा मामाने मागे ठेवलेली एखादी बेस गिटार असेल, तर या रविवारी खाली काढा. केस उघडा, तारा गंजल्या असतील तर नव्या चढवा, मान सरळ आहे का पाहा, पोटात बॅटरी असेल तर ती काढा, नाहीतर ती पाझरून तारकाम खाते. सीरियल नंबर वहीत लिहून ठेवा. वाजवणार असाल तर वाजवा. नसाल, तर योग्य भाव सांगून विका. आणि घ्यायला येणाऱ्याकडे आधीच तीन आहेत असं कळलं, तरी हसू नका, त्याला चहा द्या.